प्रॉम्टरशिवाय मॅट्रिक

नाकाडोंगरी, सोमवार, १ ऑक्टोबर १९७९

ही वही म्हणजे खाणीच्या ऑफिसातलं जुनं हजेरी रजिस्टर. मागची पानं कोरी होती, मागून आणलं. बाबुलाल गुरुजी म्हणाले, मॅट्रिकला बसायचं तर रोज दहा ओळी लिहीत जा, निबंधाला हात बसतो. म्हणून लिहितो आहे, आणि शुद्ध लिहितो आहे. बोलण्याचं सोडा, ते जसं येतं तसं येतं.

कारण असं. मी तेजराम, खाणीत तात्पुरता शिपाई, घरी धानाच्या चार बांध्या. आज हेडक्लार्क आनंदरावांनी बोलावून सांगितलं, "तेजराम, येत्या जुलैत हजेरीबाबूची जागा निघून राहिली. साहेब तुह्यावर खूश हायेत. पन मॅट्रिक पाह्यजे, अन् वय अठ्ठावीसच्या आत." मला पुढच्या ऑगस्टात अठ्ठावीस पूर्ण होतात. म्हणजे मार्चची परीक्षा हा एकच डाव. हुकला तर जन्मभर दुसऱ्याच्या टेबलावर चहा ठेवायचा.

जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला मी दोनदा नापास झालो. आता दहावीतच मॅट्रिक होते, एक इयत्ता कमी, म्हणजे सोपीच असणार. बाहेरून बसायचा फॉर्म गुरुजींनी भरून घेतला.

नापास का झालो ते गावाला ठाऊक आहे. भाऊबीज झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. मंडई म्हटली की पाहुणे, दुकानं, आणि रात्री नाटक. नाटक म्हटलं की तेजराम. मंडया सरल्या की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पटातही नाटक. तोंडाचा रंग पुरता धुऊन होतो तेव्हा मार्च उजाडलेला असतो.

आज जेवताना जाहीर केलं. मॅट्रिक होईपर्यंत रंग नाही, स्टेज नाही. मिशा, रंगाची पेटी, पार्टाच्या वह्या, सगळं सत्यभामेच्या हवाली केलं. सत्यभामा म्हणजे माझी बायको. माय म्हणाली, "मंग मंडईत मी कोनाले पाहू रे?" आणि डोळ्याला पदर लावला. सत्यभामेनं पेटी उचलून ठेवली अन् विचारलं, "अजी, पाठ होईन का तुमाले इतकं?"

"अवं, तीन अंकाचा पार्ट करतो मी. एक शब्द इकडचा तिकडं होत नाही."

"सोमाजी भासरे असतेत ना पडद्यामांगं."

सोमाजी शिंपी आमचा प्रॉम्टर, गावच्या नात्यानं सत्यभामेचा भासरा, म्हणजे थोरला दीर. तो वही घेऊन विंगेत उभा राहतो, एकेक वाक्य हळू सांगतो, आम्ही ते मोठ्यानं म्हणतो. त्यात एवढं काय? आवाज तर आमचाच असतो ना! बायकांना नाटकातलं काही कळत नाही.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

देवाजी आला होता. राइस मिलवाला, आमच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष. नवी पार्टाची वही घेऊनच आला. "यंदा जालिमसिंगाचा पार्ट हाये गा. तीन खून, दोन गाने, अन् शेवटी गच्चीवरून उडी. तुह्याशिवाय कोन करीन?"

माझा हात वहीकडं गेला. पण छातीवर हात ठेवून, अर्धा पाय पुढं टाकून मी सांगितलं, "देवाजीदादा, मले यंदा मॅट्रिक व्हाचं हाये."

"मॅट्रिक काय पळून जाते का? मंडई वर्षातून एकदाच येते."

"मॅट्रिक बी वर्षातून एकदाच येते," आतून सत्यभामा बोलली. मी तेच म्हणणार होतो.

देवाजी वही घेऊन गेला. ऐकतो की जालिमसिंग आता माझा मामेभाऊ इश्वर करणार. इश्वर! त्याचा आवाज बकरीला ठसका लागावा तसा आहे. तीन खून कसे करणार तो, लोक हसून मरतील.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

अभ्यासाची युक्ती सापडली! पुस्तकात डोकं घातलं की मला डुलकी येते. मग आज सत्यभामेला म्हटलं, तू वाच, मी म्हणतो. ती तांदूळ निवडत निवडत एकेक वाक्य वाचते, मी ओसरीवर येरझारा घालत ते खणखणीत म्हणतो. तासाभरात इतिहासाचे दोन धडे पार. मागं दोनदा नापास झालो तेव्हा ही युक्ती सुचली असती तर आज मी हेडक्लार्क असतो.

धडा झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं अन् विचारलं, "सत्तावनच्या उठावाची कारनं सांगा पाहू."

"सुरुवात कर, सांगतो."

तिनं सुरुवात केली ती पाचही कारणं सांगूनच थांबली, काटक्या मोडता मोडता. आत्ताच वाचलेली, तिला येणारच.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

मिलमध्ये तालीम सुरू झाली आहे. ऑफिसातून घरी येताना मिलवरून रस्ता आहे, पण मी आठवडाभर बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून फिरून येतो. अर्धा कोस जास्त पडतो. आज वारा इकडचा होता, सोमाजीचा आवाज पाळीपर्यंत आला. पाय आपोआप थांबले. मी तिथंच उभं राहून त्याच्या मागोमाग एक प्रवेश म्हणून टाकला, खुनाचा. पाण्यात शिंगाडे काढणारा माणूस डोंगा टाकून पळायच्या बेतात होता.

घरी येऊन सत्यभामेला सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "एक प्रवेश खाल्ला ना तुमी? मंग भूगोलाचा एक धडा जास्त." अशी हिशेबाची पक्की आहे ती.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

आज आमच्या गावची मंडई. घरात एकवीस पाहुणे. जो येतो तो एकच विचारतो, "तेजराम, यंदा काहून नाही गा?" माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं तर खुर्चीचं तिकीट आणलं होतं. "पार्ट नको करू, नुसता पाह्य तर खरा. पाह्यल्यानं काय मॅट्रिक बाटते?"

सत्यभामाही म्हणाली, "जा नं, पाहून या. कोन काय म्हनते?"

पण मी मला ओळखतो. रंगाचा वास नाकात गेला की मी विंगेत, आणि विंगेतून पुढच्या गावच्या मंडईत. म्हणून खाणीवर निरोप धाडून आजची चौकीदाराची पाळी मागून घेतली. चौकीदार आनंदानं उड्या मारत नाटकाला आला आणि मी भूगोलाचं पुस्तक घेऊन निघालो. वाचून दाखवायला कोणी नव्हतं, त्यामुळं अभ्यास काही झाला नाही. पण गेलो नाही. हे इथं मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो: गेलो नाही.

शनिवार, २७ ऑक्टोबर

मंडईची हकीकत काल कळली. वाऱ्यानं सोमाजीच्या वहीची पानं उडाली. तो पानं गोळा करत बसला अन् इश्वर तलवार वर धरून तसाच उभा. मग विंगेकडं मान करून मोठ्यानं म्हणतो, "काय?" सगळा मंडप हसला. ज्याचा खून व्हायचा तोही हसला.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "मी असतो तर सांभाळून घेतलं असतं."

सत्यभामा म्हणाली, "तुमी बी तसेच उभे राह्यले असते. तलवार जास्त उंच धरून."

यावरून बोलणं वाढलं. मी म्हटलं, तुला माझ्या कलेची किंमत नाही. ती म्हणाली, कला मंडपात राहू द्या, घरी सरपण फोडा. कालपासून अबोला आहे. अबोला म्हणजे वाचन नाही, आणि वाचन नाही म्हणजे अभ्यास नाही. माय म्हणते, तूच बोल आधी. मी का बोलू?

सोमवार, २९ ऑक्टोबर

मीच बोललो.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

महिनाभर लिहिलं नाही. धानाची कापणी झाली, भाऱ्यांची पुंजणी रचली, अंग मोडून गेलं. पण रोज संध्याकाळी तिचं वाचणं अन् माझं म्हणणं चुकलं नाही. इतिहास संपला, भूगोल संपला, भूमितीची बारा प्रमेयं झाली. प्रमेय तर मला नाटकातल्या स्वगतासारखं आवडतं. "म्हणून सिद्ध झाले!" म्हटलं की शेजारची पोरं टाळ्या वाजवतात.

सत्यभामेचा घसा बसला आहे. एक कळत नाही, ही दर आठवड्याला लाखोरीची भाजी घेऊन गुरुजींच्या घरी का जाते? अन् जाताना माझं गणिताचं पुस्तक पदराखाली का नेते? विचारलं तर म्हणते, "तुमच्याच अडचनी विचारून येते." मला तर काही अडचण नाही.

रविवार, १६ डिसेंबर

आज काय लिहू? हात लिहायला तयार नाही.

गुरुजींनी शाळेत बसवून सराव परीक्षा घेतली. मी एकटाच. रिकामा वर्ग, एक बाक, चार कोऱ्या पुरवण्या. पेपर हातात आला, सगळे प्रश्न ओळखीचे. मी हसलो सुद्धा. नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला पेन टेकवलं आणि काहीच येईना. दुसरा घेतला. नाही. तिसरा, प्रमेय, माझं आवडतं, फक्त त्रिकोणाची नावं बदललेली. नाही. डोक्यात नुसती सामसूम.

तासाभरानं गुरुजी जवळ आले. "तेजराम, खिडकीत कोन हाये गा?"

"कोनी नाही, गुरुजी."

"मंग मान वाकडी करून कान कायले लावून राहिला तिकडं मघापासून?"

मी पाहिलं. खरंच माझी मान उजवीकडं वाकडी झालेली, कान खिडकीला. आमच्या मंडपात सोमाजीची विंग उजव्या हातालाच असते.

शंभरात पंधरा. ते पण गुरुजींनी दया करून.

घरी आलो अन् चटईवर पडून राहिलो. अडीच महिने! माझी मंडई गेली, जालिमसिंग गेला, गावात हसं झालं, आणि हाती काय? पंधरा. त्यापेक्षा तीन खून केले असते तर निदान टाळ्या तरी मिळाल्या असत्या. मॅट्रिक आपल्या कपाळी नाही. उद्या देवाजीकडं जातो, पटाच्या नाटकात जो पार्ट असेल तो घेतो.

मंगळवार, १८ डिसेंबर

देवाजीकडं गेलो नाही. काल चपला घातल्या तेव्हा सत्यभामा दारात उभी होती.

"अजी, चूक माही हाये," ती म्हणाली. "मी तुमाले शिकवतच नोती. मी सोमाजी भासऱ्याचं काम करत होती. मी सांगो, तुमी म्हना. तुमाले वाटे आलं, मले वाटे झालं."

मला राग यायला हवा होता. आला नाही, रडू आलं. मी म्हटलं, "सत्या, मले सांगनारा नसला तर मी कोनीच नाही वं."

"मंग नाही सांगत. पाहू काय होते ते."

तिचा नवा कायदा असा. संध्याकाळी ती चुलीवर भाताचं आधण ठेवणार, प्रश्न विचारणार, पुस्तक मिटून त्यावर बसणार. तांदूळ वैरून भात रटरटायला लागेपर्यंत एक अक्षर सांगणार नाही. मी विनवण्या केल्या तरी नाही, शिव्या दिल्या तरी नाही. उकळी फुटली की मग सांगणार.

आज पहिला दिवस. मी दोनदा पाणी प्यालो, एकदा बैलाला चारा टाकून आलो, तिला म्हटलं नुसता पहिला शब्द सांग. ती जाळ सारत बसली. शेवटी उकळी आली, तिनं उत्तर सांगितलं, अन् मला इतकं गोड लागलं ते की काय सांगू. पण मला आलं नव्हतं, हे खरं.

रविवार, २३ डिसेंबर

सहा दिवस झाले. एकही उत्तर आलेलं नाही. माझा दाट संशय आहे की ही जाळ मुद्दाम मंद ठेवते. भात अर्धा कच्चा, माय रोज कुरकुरते. "तुमच्या मॅट्रिकपायी माहे दात पडतीन."

रविवार, ६ जानेवारी १९८०

आज आलं!

प्रश्न होता, काळी माती कशी तयार होते. मी भिंतीला टेकून बसलो. नेहमीसारखा कान तिच्याकडं गेला, तिकडून फक्त काटक्यांचा आवाज. मग कान सोडून दिला. डोळ्यासमोर पुस्तकाचं पान आलं, डाव्या हाताचं, वर डोंगराचं चित्र. चित्राखालचा शब्द दिसेना, पण तो आहे हे ठाऊक होतं. थांबलो. आणखी थांबलो. आणि आतून शब्द आला, लाव्हा. त्याला धरून दुसरं वाक्य, मग तिसरं. मी उठून उभा राहिलो आणि सगळं उत्तर स्टेजवरच्या आवाजात सांगितलं. गोठ्यातली गाय उठून बसली. माय धावत आली, "काय झालं, काय झालं?"

"लाव्हा झाला, माय!"

सत्यभामेनं झाकणी उचलून पाहिलं. भाताला अजून उकळी नव्हती. मीठ जास्त पडलं आज तिच्या हातून. माझ्यापेक्षा तीच जास्त खूश होती.

शनिवार, १९ जानेवारी

आजचा दिवस विचित्र गेला, मला स्वतःलाच नीट समजला नाही. जसा झाला तसा लिहितो.

परवा बपेऱ्याहून माणूस आला. त्यांच्या पटात नाटक आहे, खलनायकाला कावीळ झाली, माझा जुनाच पार्ट, चार वर्षं केलेला. नाव पत्रिकेवर ठळक, येण्याजाण्याची सोय, वर नारळ-शेला. मी नाही म्हणून सांगितलं. मग बैलाला पाणी दाखवताना सहज त्या पार्टातलं स्वगत आठवून पाहिलं. कान कुठंही न लावता, नुसता थांबलो, भात शिजताना थांबतो तसा. आणि अख्खं स्वगत आलं! सोमाजीशिवाय! चार वर्षांत पहिल्यांदा.

आता तूच सांग, वही, माणसानं काय करावं? नाटक सोडलं तेव्हा मी पोपट होतो, आणि आता कुठं खरा नट झालो. तीन दिवसांचा प्रश्न. परीक्षेला दोन महिने होते. सत्यभामेला म्हटलं, "मी जाऊन येतो." ती म्हणाली, "जा." एवढंच. चिवडा बांधून दिला. पेटी काढून दिली. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

बपेऱ्याची एसटी दिवसातून एकच, दुपारची. स्टँडवर जाऊन बसलो. मनाला खात होतं म्हणून ठरवलं, गाडी येईपर्यंत एक प्रमेय करतो, म्हणजे दिवस अगदीच फुकट नको जायला. काडी घेऊन मातीत आकृती काढली. नावं मुद्दाम बदलली. अर्ध्यापर्यंत आलो अन् अडकलो. दोन कोन समान आहेत हे दिसत होतं, पण का समान ते सापडेना. काडीनं एक रेघ वाढवली, पुसली, दुसरीकडं वाढवली. कोणीतरी ओरडत होतं. मी हात वर करून म्हटलं, "एक मिनिट गा." पुन्हा कोणी ओरडलं. मी मान वर केली नाही, कारण तेवढ्यात ती समांतर रेघ दिसली. म्हणून सिद्ध झाले!

मान वर केली तेव्हा गाडी फाट्यापाशी वळत होती.

मी पेटी घेऊन मागं धावलो. थांबली नाही. कंडक्टरनं खिडकीतून हात हलवला. मी त्याला, ड्रायव्हरला, महामंडळाला आणि स्वतःला जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. इतका मूर्ख माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल, जो गाडीची वाट पाहत बसतो अन् गाडीच चुकवतो.

घरी येऊन सांगितलं. सत्यभामा पोट धरधरून हसली. मग विचारलं, "कोनती रेघ वाढवली?" मी दाखवली. ती म्हणाली, "मी बी तीच वाढवली होती." कधी ते विचारायचं राहून गेलं.

रविवार, १७ फेब्रुवारी

दिवस कसे जातात कळत नाही. रात्री लवकर झोपतो, पहाटे उठतो. इंग्रजीची धास्ती आहे. बाकी विषयांत भाताला एक प्रश्न पुरेना झाला, म्हणून आता वरण शिजेपर्यंत ती तीन विचारते. काल माझी तिन्ही उत्तरं डाळ शिजायच्या आत आली.

कधी कधी वाटतं, हे सगळं करून नापासच झालो तर? तर मी नुसता शिपाई नसेन, नाटक न करणारा शिपाई असेन. हा विचार आला की पुस्तक मिटून ओसरीवर येरझारा घालतो. सत्यभामेला सांगितलं तर म्हणते, "जे आतून याले लागलं ते कोन काढून घेईन?" हे तिला कुठून सुचतं कोण जाणे.

तुमसर, गुरुवार, १३ मार्च

गणिताचा पेपर झाला. हॉलमध्ये शंभर पोरं, बहुतेकांना मिसरूड फुटलेलं नाही. माझ्या बाजूच्यानं मला सुपरवायझर समजून नमस्कार केला.

पेपर हातात आला अन् तीच सामसूम. मान उजवीकडं वळायला लागली, ती मी हातानं सरळ केली. पेन खाली ठेवलं. हात गुडघ्यावर ठेवले आणि बसून राहिलो. सगळा हॉल लिहीत होता, मी एकटा बसलेला. सुपरवायझर म्हणाले, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरा हाओ सर, थांबून राहिलो." ते वेड्याकडं पाहावं तसं पाहून गेले. मग पहिली ओळ आली. त्यानंतर मी शेवटची घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

प्रमेय आलं होतं. त्रिकोणाची नावं बदलली होती. बदलोत बापडी.

नाकाडोंगरी, शुक्रवार, २० जून

पास! थर्ड क्लास, पण पास! आनंदरावांनी पेपर आणला, बोटानं नंबर दाखवला. मी तीनदा मोजला, हॉलतिकिटाशी ताडला, मग गुरुजींनाही मोजायला लावला. गुरुजींनी पाठीवर थाप मारली अन् म्हणाले, "घरच्या मास्तरनीले आधी पेढा दे." मायेनं माझी अलाबला घेतली. एक जुलैला हजेरीबाबू म्हणून रुजू व्हायचं. ऑर्डर साहेबांच्या सहीला गेली आहे.

सत्यभामेला पेढा दिला तर तिनं आधी पेपर मागितला अन् नंबर स्वतः पाहिला. डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, "आता माग काय मागतेस ते." ती म्हणाली, "मागीन."

रविवार, २२ जून

सकाळी देवाजी आला, मागं सोमाजी, हातात हार. "बाबू झाले आता! यंदाच्या मंडईत तुह्या नावाचं नाटक. हिरो बी तूच, खलनायक बी तूच, डबल रोल. वर्षभर उपाशी ठेवलं गावाले."

त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी मी हो म्हटलं. का नाही म्हणणार? मी थांबलो, सोसलं, मिळवलं. आता माझा हक्क होता. सोमाजीला म्हटलं, "तुह्या वहीची बी गरज नाही आता मले." त्याला जरा वाईट वाटलं, पण हसला बिचारा.

तेवढ्यात सत्यभामा आतून आली. डोक्यावर पदर घेऊन देवाजीसमोर कधी न येणारी बाई, दारातच उभी राहून बोलली.

"देवाजी भासरे, येत्या मंडईत हे नाही येनार. मले मॅट्रिकले बसाचं हाये. फॉर्म भरला मी, गुरुजीकडं. घरात कोनीतरी प्रश्न विचारनारा पाह्यजे."

देवाजी माझ्याकडं पाहत राहिला. मी विचारलं, "तू? कायले?"

"मास्तरीन व्हाचं हाये मले. आठवीतून काढून लगन लावलं तेव्हापासूनच व्हाचं होतं. तुमी कधी पुसलं नाही, मी सांगतलं नाही."

सात वर्षं झाली लग्नाला. खरंच पुसलं नाही. आत जाऊन हेच रजिस्टर उघडलं अन् पहिल्या पानापासून वाचलं. सत्तावनच्या उठावाची कारणं कोणी सांगितली? गुरुजींकडं भाजी घेऊन कोण जायचं? रेघ माझ्या आधी कोणी वाढवली? सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, शुद्ध, अन् लिहिताना मला एक अक्षर कळलं नव्हतं. अडीच महिने मी नुसता बोलत होतो, शिकत होती ती. मग वीस दिवस कच्चा भात खाऊन ती माझं शिकणं सांभाळत होती. लाज वाटली. आणि राग पण आला, खरं सांगायचं तर, कारण डबल रोल डोळ्यासमोर होता. आत्ता हातात आलेला घास. दहा वर्षांत मंडळानं कोणाला डबल रोल दिला नाही.

बाहेर आलो तर तिघेही तसेच उभे. सोमाजी माझ्याकडं टक लावून होता, मी अडकलो की तो सांगायला पुढं होतो तसा. पण हे त्याच्या वहीत नव्हतं. मी त्याच्याकडं कान लावला नाही.

"देवाजीदादा, यंदा नाही," मी म्हटलं.

"अन् गावाले काय सांगू?"

"सांग, तेजरामची बायको मॅट्रिकले बसून राहिली." हे मी स्टेजवरच्या आवाजात म्हटलं. आळीतल्या सगळ्या दारांतून माणसं डोकावली. सत्यभामा लाजून आत पळाली.

देवाजी पार्टाची वही घेऊन गेला. वाईट वाटलं, खूप वाटलं, ते लपवत नाही. थोडा वेळ ओसरीवर बसलो. मग म्हटलं उगाच दिवस कशाला घालवा, आणि भूगोलाचं पुस्तक शोधायला लागलो. फळीवर नव्हतं, पेटीत नव्हतं. ते तिच्या मांडीवर होतं, आणि ती तिसऱ्या धड्यावर होती.